दोनच वर्षं

वरवट बकाल, ४ फेब्रुवारी १९३७

क्वार्टर मिळालं! टपालवाल्याने पत्र थेट मळ्यात आणून दिलं. लग्नाला पाच वर्षं झाली, त्यातले सगळे मिळून चार महिने मी यांच्याजवळ राहिले असेन. हे पलटणीच्या रसद-गुदामात कारकून, दूर सिंधच्या वाळवंटातल्या छावणीत. दोन खोल्या, पुढे ओटा, पाणी भिश्ती आणून देतो म्हणे. वांगी तोडायची तशीच राहिली. जाऊबाई हसल्या, "आता कायचे वांगे तोडतं! जाय, लुगडे काढ धुवाले."

शेवटची ओळ मग वाचली. छावणीत लेकरांना परवानगी नाही. शालूला दादा-वयनीपाशी ठेवावं. दोनच वर्षं.

शालू तीन वर्षांची आहे.

५ फेब्रुवारी

मी जाणार नाही.

९ फेब्रुवारी, खामगाव

आईकडे आले. वाटलं होतं आई माझ्या बाजूने बोलेल. कसलं काय! "नवऱ्याले एकटं ठेवशीन तं नवरा सुटीन. लेकरू कुठं जाते? घरच्या घरी तं हाय." मी म्हटलं, नवरा काय गोऱ्हा आहे दावं तोडून पळायला! आई डाळ निवडत बसली.

पण वहीशी खोटं कशाला बोलू? मला जायचं आहे. स्वतःची चूल पाहिजे. सकाळचा चहा पहिला कुणाला द्यायचा हे मी ठरवीन, असं घर पाहिजे. हे जवळ बसून जेवताना बघायचे आहेत. शालू माझ्या मांडीवर आहे आणि मी हे लिहिते आहे — लाज वाटते.

१५ फेब्रुवारी, वरवट

जाईन. यांना तसं कळवलं.

ठेवायचीच तर जाऊबाईंपेक्षा चांगलं कोण? सासूबाई गेल्या तेव्हा हे सहा वर्षांचे. जाऊबाईंनीच यांना न्हाऊ-माखू घालून वाढवलं. त्यांची स्वतःची चार बाळंतपणं झाली, एकही लेकरू सव्वा महिन्यापलीकडे गेलं नाही. भासरे, म्हणजे यांचे दादा उकंडराव, तर देवमाणूस. मळ्यातून येताना शालूसाठी धोतराच्या सोग्यात बोरं आणतात.

आज जाऊबाईंना सगळं सांगितलं. भाकरी दुधात कुस्करून लागते, वर साय चालत नाही. कुत्र्याला भिते. निजताना माझा कान धरते. जाऊबाई शाळेतल्या पोरीसारख्या ऐकत होत्या. "डावा का उजवा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डावा.

२१ फेब्रुवारी

सवय व्हावी म्हणून काल शालूला त्यांच्याजवळ निजवलं. रडली नाही म्हणे. रडली असती तर बरं झालं असतं.

२ मार्च

हे आले! काळेभोर झालेत, नाकाची सालं निघाली आहेत. शालूसाठी चामड्याचा उंट आणलाय. ती जाऊबाईंच्या पदरामागे दडली. म्हटलं, "घ्या ना तिला जवळ!" तर म्हणाले, "राहू दे. सवय लागीन अन् मंग मागं लागीन." किती हळवा माणूस!

दुपारी मी पुन्हा विषय काढला. साहेबाला एक अर्ज करून पाहा ना, तुम्ही तर कारकून, अर्जांतच मुरलेले. "नाई होत म्हटलं ना!" म्हणाले, आणि उठून मळ्यात गेले. माझ्याशी असं तोडून कधी बोलले नव्हते. त्यांनाही जड जात असेल.

११ मार्च, शेगाव टेशन

गाडीला अवकाश आहे. तेवढ्यात लिहिते.

इंद्रभान शेजाऱ्याने बैलगाडी जुंपली. जाऊबाईंनी माझी ओटी भरली. आणि मग — वाकून माझ्या पाया पडल्या! थोरली जाऊ धाकटीच्या! मी मागेच सरले. "बाई, हे काय! मला पाप लावता का?" भासरे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

शालू म्हणाली, "माय, मले काऊन नाई नेत?"

म्हटलं, "तिथं लेकरं राहत नाहीत, बाई."

"बरं," म्हणाली. एवढंसं लेकरू, 'बरं' म्हणालं! गाडी वळेपर्यंत मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.

१६ मार्च, छावणी

भुसावळ, सुरत, अमदावाद, मग छोट्या रुळांची गाडी. काल दुपारी पोचलो. झाड म्हणून नाही. दातांत वाळू, भातात वाळू. पाणी असं खारट की डाळीत मीठ घालायला नको. एका रांगेत तीस क्वार्टरं, सगळी सारखी. आमचं सतरावं.

सकाळी हे गुदामात गेले. मी दार उघडलं तर समोर पोरं! पाच-सहा जणांची विटी-दांडू चालू, एक पोरगी कडेवर भाऊ घेऊन उभी. मी बघतच राहिले. शेजारच्या पंजाबी बाईंनी विचारलं, तुम्हाला किती? मी म्हटलं, एक मुलगी, पण गावी. "क्यों बहन, ले क्यों नहीं आईं? यहाँ तो मदरसा भी है."

नवा हुकूम निघाला असणार! हे पंधरा-वीस दिवस इथे नव्हते, यांना कुठून कळणार? संध्याकाळी येतील तेव्हा सांगते. म्हणावं, असेच मागे फिरा आणि शालूला घेऊन या! दोन वर्षं कशाला, दोन आठवडेही नकोत. माझे तर पाय जमिनीवर ठरेनात.

१७ मार्च

हुकूम कधी नव्हताच. यांनी शालू वयनीला देऊन टाकली आहे, कायमची. "तिनं मले मोठं केलं. तिले देयाले माह्यापाशी दुसरं काय होतं? आपल्याले होतीन अजून."

मी विचारलं, कुणाकुणाला ठाऊक होतं?

"साऱ्याइले. तुह्या मायले बी."

शुक्रवारी परतीची गाडी आहे. सामान अजून सोडलेलं नाही, ते बरंच झालं.