कृष्णात लवट्यांवर मी घेतलेला आळ

मी, सुधीर अनंत टिपणीस, वय ६४, न्हावा शेवा बंदरावरच्या एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीतून निवृत्त झालेला कारकून, राहणार खांदेश्वर, नवीन पनवेल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हायची आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही आणि स्मरण शाबूत आहे. हे स्मरणाचे मी नुसते कायद्यासाठी लिहीत नाही. थोडे विसरता आले असते तर बरे झाले असते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझ्या नावावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझी पत्नी सौ. नंदिनी हिला द्यावा. तिच्यानंतर तो मुलगी गीतांजली हिचा. दाराचे कुलूप लावताना दार जरा वर उचलून धरावे लागते, हे गीतांजलीला माहीत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.

कलम २. बँकेतले व पोस्टातले जे असेल ते सर्व नंदिनीचे. याबाबत तिला कोणीही सल्ला देऊ नये. सदतीस वर्षे घर तिनेच चालवले. मी फक्त मते दिली.

कलम ३. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या शोकसभेत बोलू नये. गच्चीच्या गळतीबद्दल मी त्यांना अकरा पत्रे लिहिली. अकरांपैकी एकाचेही उत्तर आले नाही.

कलम ४. हॉकीच्या कात्रणांच्या चार वह्या माझे मित्र व शेजारी आप्पा दिवेकर यांना द्याव्यात. त्या वह्यांत आमच्या खाडीकाठ हॉकी मंडळाचा प्रत्येक सामना आहे. १९९० पासून रोज संध्याकाळी आप्पा आणि मी मैदानाच्या कुंपणभिंतीवर बसून संघ सुधारत असू. संघ सारखा हरत होता, त्यामुळे आम्हाला कामाची कमतरता नव्हती. कोणाला काढायचे, कोणाला आणायचे, सेंटर हाफ कोण, पेनल्टी कॉर्नर कोणी घ्यायचा. आमच्यासारखे दहा-बाराजण जमत, पण सगळ्यांत मोठा आवाज माझा. मी स्वतः आयुष्यात शाळेपलीकडे हॉकी खेळलेलो नाही.

कलम ५. हे कलम मिळकतीबद्दल नाही. वकिलांनी ते वेगळ्या कागदावर लिहायला सांगितले होते. वेगळा कागद हरवतो, म्हणून येथेच लिहितो.

श्री. कृष्णात यशवंत लवटे हे संघाचे प्रशिक्षक होते. मूळचे माण तालुक्यातले, राहायला करंजाड्यात. दिवसा वाशीच्या मार्केटात पोती उचलायची आणि संध्याकाळी त्याच खांद्याला शिट्टी अडकवून मैदानावर यायचे. आसपासच्या गावांतली नवी मुले घेऊन त्यांनी संघ बांधायला घेतला होता. मारोती म्हात्रे हा गोलकीपर त्यांनी मिठागराच्या बांधावरून उचलून आणला होता. "तीन वर्षं द्या," असे ते कमिटीला सांगत. भिंतीवर बसून मी म्हणे, "तीन वर्षांत आम्ही मरू. नाव असलेले खेळाडू आणा."

एकदा ते भिंतीपाशी आले आणि म्हणाले, "काका, तुमी येक दिवस आत येऊन बघा की. हितनं पोरं बारकी दिसत्यात." सगळे हसले. मला तो अपमान वाटला. अपमान नव्हता, आमंत्रण होते, हे मला आता कळते.

१९९३ च्या पावसाळ्यानंतर कमिटीने माझे तोंड बंद करायला मलाच निवड समितीवर घेतले. मी पहिल्याच सामन्यात मारोतीला बाहेर बसवले आणि मुंबईच्या ऑफिस संघांतून निवृत्त झालेले तीन नावाजलेले खेळाडू आणले. कृष्णातराव एवढेच म्हणाले, "दुसऱ्या हाफात दम पुरणार न्हाई त्यांना." मी म्हटले, "अनुभवाला दम लागत नाही."

सामन्याआधी मी पत्र्याच्या शेडमागे पाणी प्यायला गेलो होतो. आत कृष्णातराव मुलांशी बोलत होते. शब्द न् शब्द मला पाठ आहे. "आज टीम काकांनी निवडलीय. मारोत्याला बसवला म्हणून कुणी हात राखून खेळाल तर माझ्याशी गाठ हाय. जीव तोडून खेळा. हरलोच तर माझ्या नावावर घालीन, त्यांच्या न्हाई."

आम्ही सात-शून्य हरलो. तिघांपैकी एकजण मध्यंतरानंतर मैदानात उतरलाच नाही. दुसरा कमरेवर हात ठेवून उभा होता आणि चेंडू त्याच्याजवळून जात होते. भिंतीवरून लोक माझ्याच आवाजात माझ्या नावाने ओरडत होते.

दोन दिवसांनी कमिटीची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारले, "टिपणीस, हे काय झालं?" आणि मी म्हणालो, "कृष्णातने मुलांना मुद्दाम हरायला सांगितलं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

अध्यक्ष कृष्णातरावांकडे वळले. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. एखादा खेळाडू चुकीच्या जागी उभा असला की ते जसे थांबून बघत, तसे.

"काका शेडमागं हुते, ते खरं हाय," ते म्हणाले. "मी त्यांना बघितलं. मी काय बोललो ते त्यांनी ऐकलंय. तवा तेच सांगतील. सांगा काका."

त्यांनी मला दुसरी संधी दिली होती, सगळ्यांसमोर, मान खाली न घालता परत फिरता येईल अशी. मी म्हणालो, "सांगितलं ना एकदा. हरा म्हणालास तू."

त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली, टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. मुलांनी त्यांच्या बाजूने सांगायचा प्रयत्न केला, पण ती त्यांचीच मुले, असे म्हणून कोणी ऐकले नाही. पुढच्या वर्षी संघ मोडला. मारोती आता बंदरावर ट्रेलर चालवतो. कृष्णातरावांच्या पत्नी प्रेमलाताई यांना रेशनच्या रांगेत एका बाईने विचारले, "मॅच कितीला विकली गं?" हे मला नंदिनीने घरी येऊन सांगितले. ती त्याच रांगेत होती. खरे काय ते तिला माहीत नव्हते. मी पेपर वाचत राहिलो.

चार वर्षे मी कोणालाही सांगितले नाही. मला भीती वाटली ती एवढीच, की भिंतीवर कोणी जागा देणार नाही.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी आप्पांनी कलम ५ मैदानावर मोठ्याने वाचावे. 

(हे कलम खोडले आहे. कारण पुढे.)

कलम ७. शाळेच्या संघातली माझी हॉकी स्टिक श्री. कृष्णात लवटे यांना द्यावी. 

(हेही खोडले आहे.)

खुलासा. वरील मजकूर साक्षीदार म्हणून आप्पांना वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मेल्यावर वाचायचं होय? सोयीचं आहे बुवा तुझं." पंचवीस वर्षांच्या ओळखीत ते मला असे कधी बोलले नव्हते. चहा न घेता गेले.

मग मी नंदिनीला कलम ५ वाचून दाखवले. ती उठून आत गेली आणि बराच वेळ तांदूळ निवडत बसली. शेवटी म्हणाली, "त्या रांगेत मी गप्प उभी होते. मला वाटलं, असेलही खरं. तुम्ही सांगितलं होतंत ना."

काल, रविवारी, मी मैदानावर गेलो. आप्पांनी जुन्या मुलांना निरोप दिले होते, नऊजण आले. मी भिंतीच्या आत, त्यांच्यासमोर उभा राहून वाचले. मध्येच दोघे उठून निघून गेले. वाचून झाल्यावर मारोती म्हणाला, "आमी तवाच सांगत व्हतो, काका," आणि पाठ फिरवून ट्रेलरकडे चालू लागला. त्याला थांबवण्याचा अधिकार मला नव्हता.

कृष्णातराव आले नव्हते. आज आप्पांना बरोबर घेऊन मी करंजाड्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी उंबऱ्यात उभे राहूनच सारे कागद वाचले, बोट ओळीवर ठेवून, सावकाश. प्रेमलाताई दाराआड होत्या. मी माफी मागितली. त्यांनी पान उलटले. स्टिकचे कलम आले तेव्हा त्यांनी मला पेन काढायला सांगितले आणि ती ओळ माझ्याच हाताने खोडायला लावली.

"मला तुमचं काय बी नको," ते म्हणाले. "पर दुसरा साक्षीदार लागतो म्हणं. सही करा माझ्यासमोर, मी बघतो. उद्या कुणी म्हणालं हे टिपणीसांनी लिहिलंच न्हाई, तर मी सांगीन, माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

म्हणून येथे, त्यांच्या दारात, दोघांच्या समक्ष मी सही करीत आहे.

लिहून देणार: सुधीर अनंत टिपणीस

आमच्यासमोर सही केली, आम्ही पाहिली:
१. आप्पा गोविंद दिवेकर, खांदेश्वर
२. कृष्णात यशवंत लवटे, करंजाडे

ठिकाण: करंजाडे, ता. पनवेल
दिनांक: १७ नोव्हेंबर १९९७