अर्जाला मुहूर्त सापडेना

विश्रामबाग, सांगली
१४ नोव्हेंबर १९७६

आदरणीय रसूलभाईंना कृष्णातचा सलाम आणि नमस्कार (दोन्ही पाठवतोय, बर्फातून जो पोचेल तो घ्यावा).

तुमच्या अम्मी, सुगराबीचाची, खुशाल आहेत. ब्लडप्रेशर मीच तपासतो. मी पाठ फिरवली की त्या लोणचं खातात. डेट्रॉईटच्या थंडीने तुमचे कान सुजले होते, ते उतरले काय?

तुम्ही कळवलंत की जानेवारीपासून तिकडे परदेशी डॉक्टरांचे नियम कडक होणार, तेव्हा हॉस्पिटलातल्या रेसिडेन्सीचा अर्ज ताबडतोब टाक. रसूलभाई, अर्ज कधी टाकावा याचा मी दीड वर्ष अभ्यास करतोय (एवढा परीक्षेला केला नव्हता). अमेरिकेसाठी लागणारी ती परीक्षा कोलंबोला जाऊन आम्ही नवराबायकोने मिळूनच दिली. रत्नमाला मला सोबत म्हणून आली आणि माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त घेऊन परतली. तरी अमेरिकेला जायचं ते मीच, असं घरात सगळे धरून चालले होते. मी तर फारच.

पहिल्यांदा कराडजवळ आमच्या गावी जाऊन वडिलांना विचारलं. तात्या म्हणाले, "ऊस तुटू दे की रं. अमेरिका काय पळून चाललीया व्हय?" ऊस तुटला. मग म्हणाले, "आता नव्या उसाची लागण हाय." उसाच्या वर्षात अमेरिका बसवायला फट मिळेना. शेवटी जूनमध्ये छाती करून फॉर्म भरला आणि कराडच्या पोस्टात गेलो. रांगेत पुढे एकच माणूस, बिराप्पा धनगर. "डाक्टर, देवासारखं भेटला! म्हस अडलीया." मी म्हटलं, अरे, मी माणसांचा डॉक्टर. "म्हस काय कुणाला सांगत न्हाई," म्हणाला. गेलो. मला बघताच म्हैस धसक्याने आपली आपणच मोकळी झाली. परत येईतो पोस्टाची खिडकी बंद. आणि खोटं कशाला सांगू, ती बंद खिडकी बघून मला इतकं बरं वाटलं, की उभ्याउभ्या दोन प्लेट भजी खाल्ली. इथे मी दवाखान्यात शिरलो की बाकावरची माणसं उठून उभी राहतात. तिथे तिशीत पुन्हा शिकाऊ होऊन कुणाच्या तरी मागे वही घेऊन पळायचं. भीती वाटते हो.

रत्नमालाला भीतीचं बोललो नाही, म्हशीचं तेवढं सांगितलं. तिने विचारलं, "मग आता कधी?" म्हटलं, दिवाळीनंतर बघू. "बरं," म्हणाली. तिचं ते 'बरं' ऐकून सावध व्हायला हवं होतं. दिवाळीनंतर क्लीव्हलंडच्या एका हॉस्पिटलचं पाकीट आलं. मी घाईघाईने फोडलं, तर आत तिचं नाव. बालरोग विभागात एक जागा अचानक रिकामी झालीय, वर्ष संपायच्या आत हजर व्हा.

"तू अर्ज टाकलास कधी?"

"तुम्ही म्हशीकडे गेलात त्याच आठवड्यात. विश्रामबागच्या पोस्टात रांग नव्हती."

वाटलं, तात्या तरी अडवतील. ते म्हणाले, "जाऊ दे तिला. पोरगी कामाची हाय." मी उसाची आठवण करून दिली. "उसाचं आमी बघतो," म्हणाले.

तेव्हा माझं पक्कं ठरलंय. आधी इथेच एम.डी. करीन, नवे नियम नीट समजून घेईन, मगच अर्ज. घाई कामाची नाही.

तुमचा,
कृष्णात

ता. क. शेवटचा परिच्छेद खोटा आहे. आम्ही दोघंही पंधरा डिसेंबरला निघतोय. व्हिसाच्या फॉर्मवर येण्याच्या कारणापुढे मी 'उच्च शिक्षण' लिहिलं होतं. रत्नमालाने खोडून 'पत्नीसोबत' केलं.

आणखी ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. तुम्ही तिकडे स्वतः रांधता, असं चाची सांगतात. वाटीभर तांदळाला पाणी किती घालायचं, ते उलट टपाली कळवा. तिची ड्यूटी एका वेळी छत्तीस तासांची असणार. ती उपाशी गेलेली मला चालायची नाही.