सासूबाईंचा घसा

१६ डिसेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेला खाऊ चिमणीने गाडी सुटायच्या आतच फस्त केला आणि मग उरलेला प्रवास माझं डोकं खाल्लं. फोन करणार होते, पण इथला फोन बाहेरच्या खोलीत, आणि त्या खोलीत कायम कोणी ना कोणी कान टवकारून बसलेलं. तेव्हा आपली पत्रंच बरी.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी नाताळ सासरी काढायची ही पहिलीच वेळ. दर वर्षी ह्यांची वीजकेंद्रातली पाळी आडवी यायची आणि मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकायचे. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, हे तुला सांगायला नको. इथे मोठे दीर, जाऊबाई, त्यांची तिन्ही मुलं, आम्ही तिघं, आणि सगळ्यांच्या वर सासूबाईंचा आवाज. घरात सगळे त्यांना रेडिओ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्या खूश होतात.

स्टेशनवर मामंजी स्वतः व्हॅन घेऊन आले होते. जन्मभर रुग्णवाहिका चालवली, गाडीला कधी ओरखडा उमटू दिला नाही. दवाखान्याने निरोपाला दिलेलं घड्याळ आल्यागेल्याला दिसेल असं घरात समोरच टांगलेलं आहे. व्हॅनमध्ये त्यांच्या डावीकडची पुढची जागा सासूबाईंची, तिथे दुसऱ्या कोणी बसायचं नाही हा घरचा कायदा. आणि ताई, घरी पोचेपर्यंत बाईंनी मध्ये श्वास घेतला असेल तर शपथ! ती सायकलवाली मुलगी बघा कशी मधूनच निघाली, भाजीवाला आज पुन्हा हातगाडी रस्त्यात घेऊन उभा, शाळेच्या फाटकाशी केवढी ही गर्दी, पिवळ्या घरवाल्यांनी वाळू अजून उचलली नाही म्हणजे कमाल झाली, असं अखंड चालू. मामंजी नुसते हं हं करत होते. माझं डोकं भणभणायला लागलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. चिमणीने आजोबांसाठी व्हॅनचं चित्र काढलं होतं. जेवताना ते धरून ती त्यांच्या खुर्चीशी कितीतरी वेळ उभी राहिली. त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मग ती माझ्या कुशीत शिरून रडली, की आजोबांना मी आवडत नाही. मी समजूत घातली, पण खरं सांगते, मलाही राग आला.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया इथल्या गर्दीतही मला पुरेल इतकी पाठवत राहा.

तुझी,
घुमी

१८ डिसेंबर

चि. घुमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून भाऊजींना सांगितलं की आमच्या घुमीला अखेर तोडीस तोड सासू मिळाली. एकीने बोलायचं, एकीने ऐकायचं. संसार ह्यावरच चालतात, असं तुझ्या भाऊजींचं मत. कोण बोलतं आणि कोण ऐकतं ते मात्र त्यांनी शहाणपणाने सांगितलं नाही.

आता एक विचारते, रागावू नकोस. चिमणी त्यांच्या कोणत्या बाजूला उभी होती? आमच्या चष्म्याच्या दुकानात अशी माणसं येतात. समोरचा तक्ता घडाघडा वाचतात, पण एका कडेचं दिसणं गेलेलं असतं, आणि कित्येकदा त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नसतो. आपली नजर शाबूत आहे अशीच त्यांची खात्री असते. शेजारून कोणी आलं की दचकतात, आणि लोकांना वाटतं हा माणूस तुसडा आहे.

जेवताना मिठाची बाटली आधी एका बाजूला ठेवून बघ, मग दुसऱ्या. कोणाला काही सांगू नकोस. कदाचित मी दुकानात बसून बसून जगभर अधू डोळेच बघायला लागले असेन. तसंच निघो.

चिमणीला गोड पापा. तू आम्हाला जवळची आहेस तशीच राहा.

तुझी,
ताई

२० डिसेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

डावी बाजू. मीठ डावीकडे ठेवलं तर ते अख्ख्या टेबलाला विचारतात की मीठ कुठे गेलं. उजवीकडे ठेवलं तर निमूट उचलतात. न्हाणीघराच्या दाराला त्यांचा डावा खांदा लागतो, रोज लागतो, आणि ते रोज दाराला शिव्या घालतात. डाव्या गालावर दाढीचे खुंट राहिलेले असतात. मी हे कालपासून बघतेय.

त्यात सासूबाईंचा आवाज गेला. परवापासून घसा बसला होता, काल फुटका स्वरही निघेना. डॉक्टरांनी आत गाठी आल्यात म्हणून सांगितलं, आणि नवं वर्ष लागेपर्यंत एक शब्दसुद्धा बोलायचा नाही अशी ताकीद दिली. मुलांनी लिहून बोलायला गळ्यात पाटी अडकवून दिली आहे. जाऊबाई म्हणाल्या की लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांना स्वतःचे विचार ऐकू आले. सगळे खो खो हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या मामंजींकडे बघत होत्या.

आज मामंजी आम्हा दोघींना बाजारात घेऊन गेले. सासूबाई पुढे गप्प, मी मागे. बेकरीच्या वळणावर आमची व्हॅन एका उभ्या स्कूटरला घासून गेली. मामंजी उतरून स्कूटरवाल्यावरच तापले, की वाटेत लावतोस कशाला. ताई, स्कूटर भिंतीला चिकटून होती. सासूबाईंनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती.

ह्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हे म्हणाले की बाबांना सांगायचं कोणी? मागे मोठ्या दिरांनी एकदा नुसतं म्हटलं, की द्या, आज मी चालवतो, तर बाबा त्यांच्याशी महिनोन् महिने बोलले नव्हते. नाताळ तेवढा होऊ दे, मग बघू, म्हणाले. पण नाताळच्या दिवशीच तर सगळ्यांना व्हॅनमध्ये कोंबून घाट चढायचाय! वर मामंजींची थोरली बहीण, आत्याबाई, राहतात. त्यांना खाली उतरवत नाही, म्हणून नाताळचं जेवण दर वर्षी त्यांच्याकडे. घाटात दरी कोणत्या बाजूला आहे, ते तुला सांगायला हवं का?

मला फार भीती वाटते. लगेच लिही.

तुझी,
घुमी

२२ डिसेंबर

चि. घुमीस,
अ. उ. आ.

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाच, किंवा आठव. सायकलवाली, भाजीवाला, शाळेचं फाटक, वाळूचा ढीग. मी तुला पैजेवर सांगते, ते सगळं डावीकडचं होतं. उजवीकडच्या एका तरी माणसाबद्दल तुझ्या सासूबाई बोलल्या का? तो रेडिओ नव्हता गं. ती बाई त्यांची डावी बाजू होऊन बसत होती, आणि आता तिला बोलायला बंदी आहे.

तेव्हा ऐक. चिमणीच्या पोटात दुखतंय म्हण, तिला ताप आलाय म्हण, काय वाटेल ते म्हण, पण त्या व्हॅनमध्ये बसू नका. किल्ली लपवता आली तर लपव. घरचे नावं ठेवतील, ठेवू देत. मी दुकानात गिऱ्हाइकाला उलटा चष्मा लावून दिला आज, इतकं माझं लक्ष उडालंय.

हातात पत्र पडताच तो फोन गर्दीत का होईना, पण उचल आणि नुसतं बरं आहे एवढं म्हण.

तुझी,
ताई

२६ डिसेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर नुसतं बरं आहे म्हटलं, कारण मागे सगळे उभे होते. आता सविस्तर लिहिते. अक्षर वाकडं आलंय, माफ कर.

चिमणीच्या पोटात दुखतंय असं मी म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. पण जाऊबाईंची तिन्ही मुलं नवे कपडे घालून व्हॅनपाशी नाचत होती. माझी तेवढी काढून घ्यायची आणि त्यांची जाऊ द्यायची, हे मला जमेना. सगळ्यांसमोर मामंजींना थांबवणं त्याहून जमेना. किल्ली त्यांच्या खिशात. अशी मी दाराशी घुटमळत असताना सासूबाई आल्या आणि पाटी माझ्यासमोर धरली. पाटीवर लिहिलं होतं की तू पुढे बस, आणि बोलत राहा. मी वाचलं, त्यांनी लगेच पदराने पुसून टाकलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, ताई. आणि मला ठाऊक आहे, हेही.

सासूबाई मागे चिमणीला मांडीवर घेऊन बसल्या. पुढच्या जागेवर मला बघून जाऊबाईंच्या भुवया कपाळात गेल्या. मामंजींनी गाडी सुरू केली. आणि मी, जिला शाळेत हजेरी द्यायलाही धीर होत नव्हता, ती मी बोलायला लागले. त्या बाई केवढी मोळी घेऊन चालल्यात, हे कुत्रं कसं रस्त्यातच लोळतंय, इथला कठडा कधी तुटला म्हणायचा, पांढऱ्या दगडांची रास कोणी टाकली इथे. मामंजी हं हं करत होते, आणि प्रत्येक ‘हं’बरोबर व्हॅन जराशी उजवीकडे सरकत होती. माझ्या जिभेला कोरड पडली होती. मागे मुलं गाणी म्हणत होती.

वरच्या टप्प्यावर रस्ता रिकामा लागला. माणूस नाही, जनावर नाही, झाड नाही. सांगण्यासारखं काही दिसेना, म्हणून मी गप्प झाले. सवयच माझी ती. आणि सांगायचं होतं ते हेच, की डावीकडे रस्ताच संपत चाललाय! ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत खालून खडी घरंगळल्याचा आवाज आला. मी किंचाळले. काय ओरडले मला माहीत नाही. मामंजींनी ब्रेक दाबला. पुढचं चाक काठाच्या भुसभुशीत मातीत होतं, आणि माझ्या खिडकीतून खाली नुसती हवा होती.

ह्यांनी आणि दिरांनी एकेकाला उजव्या दाराने उतरवलं. चिमणी हातात आली तेव्हा मी तिला इतकी आवळली की ती रडायला लागली. जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की वाटभर कानाशी एवढी कटकट लावल्यावर माणसाचं लक्ष उडणार नाही तर काय होणार, सासूबाईंची बरी होती, निदान सवयीची होती. मी ऐकून घेतलं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण मामंजींकडे बघून मिटलं. ते व्हॅनला वळसा घालून डाव्या बाजूला आले होते आणि अख्खी मान वळवून त्या चाकाकडे बघत उभे होते. कितीतरी वेळ बघत होते.

मग त्यांनी सासूबाईंना विचारलं की तुझा घसा बरा व्हायला अजून किती दिवस. सासूबाईंनी नुसते हात हलवले. मामंजींनी खिशातून किल्ली काढली, मोठ्या दिरांच्या हातात ठेवली आणि म्हणाले की रेडिओशिवाय गाडी चालवण्यात मजा नाही, तो दुरुस्त होईपर्यंत आपण स्टिअरिंगला हात लावणार नाही. सगळे हसले. दिरांनी आधी व्हॅन मागे घेतली आणि मग आम्हाला वर नेलं. आत्याबाईंकडे मामंजी नीट जेवले नाहीत.

रात्रीपासून अंग दुखतंय. आम्ही परवा निघतो. तू आहेस म्हणून मी हे कोणाला तरी सांगू शकले.

तुझी,
घुमी

२९ डिसेंबर

चि. घुमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र उभ्याने वाचलं आणि मग बसावं लागलं. चिमणीला माझ्याकडून एकदा घट्ट धर, मग एकदा तुझ्याकडून.

तुला घुमी म्हणणं मी आजपासून बंद करणार होते, पण दुसरं नाव सुचेना.

पण माझी झोप अजून उडालेलीच आहे. तुझ्या मामंजींनी शब्द दिला तो घसा दुरुस्त होईपर्यंतचा. नवं वर्ष तर आलंच. घसा सुटेल, बाई बोलायला लागतील, मग ते किल्ली मागतील आणि तुझे दीर निमूट देतील. आणि बाईंना एक दिवस खोकला झाला, एखादी डुलकी लागली, तर? कोणीतरी त्यांच्याशी बोललं पाहिजे. घरी पोचलीस की कळव.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुमची खुशाली कळली. चिमणीने पाठवलेलं नवं चित्र पोचलं. ह्यांना मी ते उजवीकडून दाखवलं. त्यांनी ते घड्याळाच्या खाली लावायला सांगितलं आहे.

घसा कसा आहे, हे तू प्रत्येक पत्रात विचारतेस. का विचारतेस ते मला कळतं. म्हणून हे पत्र फक्त तुला. वाचून झालं की फाडून टाक, आणि माझ्या लेकाला ह्यातलं एक अक्षर सांगू नकोस. त्याच्या पोटात काही राहत नाही, माझ्यावर गेलाय.

दोन हिवाळ्यांपूर्वी हे एका सकाळी उठले ते डोकं जड झालंय म्हणत. दुपारपर्यंत बरे झाले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर जेवणावरून उठून गेले. तेव्हापासून डावीकडचं गेलं. त्यांना मी तसं कधी म्हटलं नाही. गाडी गेली तर हा माणूस खाटेला लागेल, अशी मला धास्ती होती. म्हणून बोलत राहिले. लोकांना मी आधीच बडबडी ठाऊक, कोणाला काही वेगळं वाटलं नाही. पण सूनबाई, त्या घाटात चिमणीला मांडीवर घेऊन मी मागे बसले होते, ओरडता येत नव्हतं, आणि मला खिडकीतून रस्त्याची कड दिसतच नव्हती.

तर माझा घसा बरा आहे. नवं वर्ष लागलं आणि डॉक्टरांनी बोला म्हणून सांगितलं. मी घरी आले आणि ह्यांनी विचारल्यावर मान हलवली. नाही म्हणून. तेव्हापासून ते रोज सकाळी चहा घेताना माझ्या तोंडाकडे बघतात, आणि मी रोज मान हलवते. ते फिरायला गेले की मी न्हाणीघरात जाते, नळ सोडते आणि बालदीशी गप्पा मारते. नाहीतर गुदमरून जाईन. बालदीला आता तुमच्या सगळ्यांच्या खबरी पाठ झाल्या आहेत.

झोपेत बोलेन ह्याची भीती वाटते. फोन वाजला की चुकून हॅलो म्हणेन ह्याची वाटते. आणि परवा व्हायचं तेच झालं. दूध उतू गेलं आणि माझ्या तोंडून खणखणीत अगं बाई निघून गेलं. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मी जागच्या जागी थिजले. आता उठतील, आता आत येतील, किल्लीचं विचारतील. पेपर खाली आला नाही. पान उलटल्याचाही आवाज आला नाही. मी कितीतरी वेळ तशीच उभी, दूध खाली जळतंय.

मग ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. परत आले ते स्वयंपाकघरात, माझ्या समोर, खडूंचा नवा डबा माझ्या हातात ठेवला. पांढरे आणि रंगीतही. आणि पायरीवर उन्हात जाऊन बसले. मी पाटी घेतली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

पुढच्या नाताळला नक्की या. गाडी मोठा चालवेल. तू माझ्यापाशी मागे बस, आणि माझ्या वाटणीचं तू बोल. तुमच्या सगळ्यांवर माझा जीव आहे, तो लिहूनच कळवायचा एवढंच.

तुझी,
सासूबाई