लाल गाडी, पांढरी गाडी आणि माझ्यामागच्या वाटण्या

मी, यशदीप शामराव गजभिये, वय तेवीस, राहणार वॅगन रिपेअर कॉलनी, रायपूर, इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेला, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गरम आहे, पण ठिकाणावर आहे. कुणाची जबरदस्ती नाही, कसली नशा नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी भार्गवसोबत शर्यत लावलेली नव्हती.

उद्या रविवारी अभनपूरच्या पुढे एका खाजगी ट्रॅकवर दोन गाड्यांचा मुकाबला आहे. दोन्ही चौबे कॉलनीतल्या भार्गवच्या बापाच्या, दोन्ही शर्यतीच्या ट्रॅकसाठीच बनलेल्या, आणि दोन्ही रायपुरात स्पीडब्रेकरवर पोट घासत फिरतात. लाल गाडी टर्बोची, दणकट, वजनदार. पांढरी हलकी, टर्बो नाही, पाठीवर मोठा पंख. भार्गव त्यांचे व्हिडिओ बनवतो. सरळ पट्टीवरची शर्यत मागच्या रविवारी झाली. लाल जिंकली, भार्गव चालवत होता. त्यात भार्गवने केलं काय, तर पाय दाबला. तेवढं तर तांदळाचं पोतंही करेल, नीट ठेवलं तर. उद्या वळणांची शर्यत. तो लाल चालवणार, मी पांढरी. आयोजक म्हणाला, आपल्या जिवाची जबाबदारी आपली, मागचं-पुढचं पाहून या. तर पाहतो.

१. माझी पान्यांची पेटी टाटीबंधच्या गॅरेजवाल्या दयाराम भैयांना. कामावर आलो त्या पहिल्या दिवशी त्यांनी छत्तीसगढीत विचारलं होतं, "इंजीनियर हस का?" मी म्हटलं, "आधा." "हव, त आधा पाना धर." तेव्हापासून तेच माझे उस्ताद.

२. मोटरसायकल बाबांना. ते चालवणार नाहीत, पुसून ठेवतील. कॉलेज सोडलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "काहून सोडलं?" मी सांगितलं, पेपरात होतं की गाडीचा वेग कशाने ठरतो, मी लिहिलं ब्रेकने, मास्तराने शून्य दिला. बाबांनी वॅगनच्या ब्रेकवर आयुष्य काढलं. म्हणाले, "उत्तर बराबर होतं, पन पेपर त्याचा होता ना बाप्पा." त्यानंतर आमचं बोलणं मिठापुरतं. मीठ दे, मीठ घे. त्या मास्तराला मी काहीच ठेवत नाही. त्याने मलाही तेवढंच दिलं होतं.

३. बँकेत असेल ते आईला. पाहून हसू नये.

४. माझं हेल्मेट देवश्रीला, आणि हे कलम मी मरण्याची वाट न पाहता उद्या सकाळपासूनच लागू. देवश्री कॉलेजात माझ्या बाजूच्या बाकावर होती. उद्या ती कॅमेरा घेऊन लाल गाडीत भार्गवच्या बाजूला बसणार. त्याने तिला दिलेलं हेल्मेट फोटोसाठी बनलं आहे, डोक्यासाठी नाही. देवश्री, माझं घाल. मागे एकदा गॅरेजात घालून पाहिलं होतंस, तुला बसतं. तेव्हापासून मी आतलं अस्तर धुतलेलं नाही, ते आधी धू. माझं तुझ्यावर प्रेम आहे. तोंडाने कधी जमलं नाही. इथे सही-साक्षीनिशी लिहितो, म्हणजे नाही म्हणायला तुलाही दोन साक्षीदार लागतील.

५. भार्गवला काही नाही. त्याच्याकडे सगळं आहे, अक्कल सोडून, आणि ती माझ्याकडे वाटण्याइतकी नाही.

तरी त्याच्याबद्दल लिहावं लागतं. लाल गाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना भोकं आहेत. हा बिनडोक समजतो ती शोभेची. त्यांतून वारा आत जातो आणि ब्रेक थंड राहतो. गाडी घरी आली तेव्हा सुनीतीकाकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि माताजीची चुनरी बंपरला बांधली. टोकं फडफडू नयेत म्हणून ती दोन्ही भोकांत ठासून बसवली. सरळ पट्टीवर ब्रेक एकदाच लागतो, शेवटी, म्हणून कुणाला काही कळलं नाही. दोन्ही गाड्यांची देखभाल माझ्याकडे, म्हणून काल सरावाला लाल मी चालवली. वळणामागे वळण, ब्रेकवर ब्रेक, आणि थोड्याच वेळात पाय पार खाली गेला तरी गाडी थांबेना. वाळूत घातली म्हणून हे लिहायला शिल्लक आहे.

मी म्हटलं, "चुनरी काढ. वारा अडून राहिला."

"अबे, मम्मी ने बांधी है. तेरे को चलानी नहीं आती तो माताजी का क्या दोष?"

"भार्गव, ब्रेक उकळून राहिले."

"तुम लोगों में ये सब नहीं चलता, पता है. हमारे में चलता है."

त्याचे दोस्त हसले. मी हात पुढे केला तर दोघे मध्ये आले. देवश्रीने मला बाजूला ओढलं. "यश, तू काहून भडकून राहिला? तू हात लावला की ब्रेकचं कोणी नाही विचारणार. व्हिडिओत तुझा हातच दाखवतील."

"मग तू बसू नको त्या गाडीत."

"नाही बसली तर म्हणेल, यशनं शिकवलं. बसते मी. हळू चालव म्हणते त्याला."

भार्गवला, हळू.

ब्रेकचं उकळलेलं तेल मी आज सकाळी बदललं. पण ती भोकं बंद आहेत तोवर नवं तेलही उकळेल. लाल गाडीत तो एकटा असता तर मी गप्प बसलो असतो, असं लिहिणार होतो. नसतो बसलो. फक्त इतक्या चांगल्या अक्षरात लिहिलं नसतं.

६. मी गेल्यास भार्गवने भाषण करू नये. व्हिडिओ केलाच तर त्यात बासरी वाजवू नये.

७. ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं, साक्षीदार असा घे ज्याला या कागदातून काही मिळत नाही. म्हणजे आई, बाबा, देवश्री, दयाराम भैया, सगळे बाद. उरला माझा दोस्त प्रफुल्ल. आणि सुनीतीकाकू, ज्यांना मी एक स्क्रूसुद्धा ठेवलेला नाही. म्हणून आता मी चौबे कॉलनीत जाऊन हा कागद त्यांच्यापुढे ठेवतो. साक्षीदाराने सगळं वाचलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मी म्हणतो. काकू, चुनरीला मी बोट लावलेलं नाही. गाडीच्या आत आरसा आहे, तिथे बांधली तर माताजीला समोरचा रस्ताही दिसेल.

ठिकाण: रायपूर. शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५.
लिहिणार: यशदीप शामराव गजभिये (सही)

साक्षीदार १: प्रफुल्ल बोरकर (सही)
पढ़ लिया. अस्तर वाली लाइन काट दे भाई, शर्म कर.

साक्षीदार २: सौ. सुनीती नरहर वैशंपायन (सही)
चष्मा लावून दोनदा वाचलं. चुनरी माझ्या हातानं सोडली, आरशाला बांधली. दोन्ही भोकांत बोटं घालून पाहिली, मोकळी आहेत. माझ्या पोराला बिनडोक लिहिलंस ते आवडलं नाही. पण खोडून टाक म्हणत नाही.