पाय उचलावा तर समोर पाहुणे

ती. नानासोमामा,

साष्टांग नमस्कार घालायची इच्छा आहे, पण गुडघा वाकत नाही. तेव्हा उरलेल्या अंगांचा गोड मानून घ्यावा. पाटणचा पाऊस उघडला का? मामींचा दमा कसा आहे? इथे विश्रामबागेत मी सोडून सगळे खुशाल.

मामा, मी हादरलोय. कुपवाडच्या आमच्या कारखान्याच्या कबड्डीत लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, इथवर ठीक. पट्टी सुटली आणि बघतो तर मांडी गायब! (माझीच ना, म्हणून दुसरीशी लावून बघितली.) व्यायाम शिकवणाऱ्या पल्लवी मॅडम म्हणाल्या, स्नायू वाळलाय, उताणं पडून पाय ताठ उचलत राहा, नाहीतर जन्मभर लंगडाल. तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न. मला रडूच आलं.

पण उचलू कधी? आजाऱ्याला बघायला आपल्याकडे दिवसभर रांग. माझी कॉट बाहेरच्या खोलीत, पायथ्याशी खुर्च्या. पाय उचलला की तळवा थेट वडीलधाऱ्यांच्या तोंडासमोर! चुलतआजी तर चहा टाकून उठल्या. तुमच्या बहिणीने (म्हणजे आईने) व्यायामच बंद केला.

परवा खोली रिकामी बघून डोळे मिटून गुपचूप पाय उचलला. उघडतो तर तळव्यासमोर मिशा! तुम्ही जमवलेल्या स्थळाचे लालासाहेब, फौजी माणूस, माझे होणारे सासरे. ते उठले, माझ्या पायाच्या वर हवेत आपला पंजा धरला आणि म्हणाले, "एवढ्यात दम संपला व्हय रं? हाताला टेकीव!"

तेव्हापासून दिवस उजाडायच्या आत हजर. पाय त्यांच्या हाताला लागला की आई ओरडते, "पाया पड आदी, पाप लागंल!" मी उठून हात जोडतो, परत आडवा होतो. ते ओरडतात, "नमस्कार मागनं, आदी पाय!" मांडीबरोबर पोटही दुखतं. मामा, हे सासरे मला झेपायचे नाहीत. स्थळ मोडा.

आपला भाचा,
वीरधवल

ता. क. माझ्या होणाऱ्या बायकोचा, अंकिताचा फोन आला होता. लालासाहेब लंगडतात ते का, तुम्हाला माहीत होतं? पलटणीत त्यांचाही गुडघा असाच गेला. घरी आणल्यावर त्यांच्या आईने मायेपोटी अंथरुणातून हलू दिलं नाही. पाय कामातून गेला, नोकरीही गेली.

आणखी ता. क. स्थळ मोडू नका. मांडीला आकार येतोय. पण काल आईने त्यांना हात जोडून सांगितलं, पुन्हा येऊ नका. पहिल्या गाडीने या आणि बहिणीला समजवा. सकाळपासून मी पाय उचलतोय, पण टेकवायला वर हात नाही.