म्हातारी आणि तिघी

३ मार्च, सोमवार

दिली एकदाची! भाऊजी सकाळी येऊन म्हातारीला घेऊन गेले.

म्हातारी म्हणजे माझा सिंथ, पियानोसारख्या पट्ट्यांचं विजेवर वाजणारं वाद्य. बावीस वर्षं माझ्याजवळ आहे, आणि बावीस वर्षांत एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबा, चार दाबा, वाजणार एकच. आता दिरांच्या डोक्यात आलंय — "वहिनी, हिच्या आतलं बघून तशाच तीन पेट्या बनवतो. चौघी एकमेकींना जोडू. तुम्ही चार बोटं ठेवा, प्रत्येकीला एकेक सूर जाईल." त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे, हात चांगला आहे. बोलतातही गोड. इतकं गोड का बोलतात, हाच प्रश्न आहे.

तिच्यातले दोन भाग आता कुठेच मिळत नाहीत. हे मागे त्यांनीच मला सांगितलं होतं. सांगताना डोळे चमकले होते!

देण्याआधी चारही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ह्यांनी पाहिलं. "अगं, उघडल्याशिवाय तो आतलं बघणार कसा?" खरंय. तरी ठिपके राहू दिले.

७ मार्च

फोन केला. "अजून दोन दिवस, वहिनी." आठवड्यात तीनदा विचारलं, तिन्ही वेळा दोनच दिवस.

११ मार्च, मंगळवार

म्हातारी परत आली. ठिपके अर्थात तुटलेले. झाकण काढून पाहिलं — एका चिपवरची अक्षरं पुसलेली. भाऊजी म्हणाले, "ती पूर्वीपासून तशीच आहेत." असतील. मी कधी आत पाहिलं होतं? लोकांच्या पियानोची पोटं उघडून सूर लावण्यात आयुष्य गेलं, आणि स्वतःच्या वस्तूचा एक फोटो काढून ठेवायचं सुचू नये! अक्कल गहाण ठेवली होती.

१९ मार्च, बुधवार

तिघी आल्या. पत्र्याच्या साध्या पेट्या, बटणंसुद्धा एकाच रंगाची नाहीत. भाऊजींनी दुपारभर वायरी जोडल्या, स्पीकर लावला, आणि म्हणाले, "ठेवा चार बोटं."

ठेवली.

मला रडूच आलं. बावीस वर्षं एकटीने बोलणारी माझी म्हातारी — आणि आज चौघी एकदम! सासूबाई आतून बाहेर आल्या, म्हणाल्या, "आता कसं, घर भरल्यासारखं वाटतं." भाऊजी नुसते हसत उभे होते. पाच मिनिटं तरी मी त्यांच्याबद्दल काही वाईट मनात आणलं नाही.

२० मार्च

दुपारी सासूबाई झोपतात, म्हणून हेडफोन लावला. म्हातारी एकटी उजव्या कानात, तिघी डाव्या कानात. मुद्दाम तशी जोडणी केली, म्हणजे तिच्यावर लक्ष राहील. चौघींना एकच सूर दिला. तिघी एकमेकींना धरून. म्हातारी किंचित चढी!

अगदी किंचित. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. पण माझा कान आहे हा. बटण फिरवून तिला खाली आणली, बरोबर बसवली.

संध्याकाळी ह्यांना ऐकवायला स्पीकर लावला, तर पुन्हा बेसूर. आता उतरलेली! चार तासांत?

२२ मार्च, शनिवार

रोज तेच. संध्याकाळी स्पीकरवर नीट लावून ठेवते, दुसऱ्या दिवशी दुपारी हेडफोनमध्ये चढलेली असते. मध्ये कोणी हात लावत नाही. बटणाला पेन्सिलीची खूण करून पाहिली, खूण जागच्या जागी. म्हणजे सूर आतूनच सरकतो. आधी कधी असं झालं होतं? पाणी मुरतंय कुठेतरी. अस्सल भाग काढून घेतले, तिच्या पोटात भंगार भरलं!

२४ मार्च

शाळेतल्या संगीताच्या बाईंचा फोन. गेल्याच आठवड्यात लावलेला पियानो वरच्या पट्ट्यांत बेसूर वाटतो म्हणे. ह्या बाईंना हल्ली माझ्या कामात खोटच दिसते. त्यांच्या ओळखीचा कोणी सूर लावणारा असणार, दुसरं काय!

२६ मार्च, बुधवार

आज झालं ते झालं.

भाऊजींना बोलावलं. ते सूर मोजायचा मीटर घेऊन आले. चौघींना एकेक करून लावला — काटा प्रत्येकीला मध्यावर. "बघा वहिनी, केसाचाही फरक नाही." मी म्हटलं, "मीटर तुमचाच आहे." ते हसले. थट्टा वाटली त्यांना. मग मी विचारलंच, "भाऊजी, म्हातारीच्या आतलं काय काढून घेतलंत?"

त्यांचं हसू गेलं. "मी, वहिनी?"

"दुसरं कोणी उघडलीय का ती?"

मीटर गुंडाळला, सासूबाईंच्या पाया पडले आणि गेले. स्क्रू-ड्रायव्हर इथेच राहिला टेबलावर.

हे म्हणाले, "पंधरा दिवस दुकान सांभाळून रात्रंदिवस खपत होता तो. तुझ्या संशयाला औषध नाही." नसू दे. आपल्या भावाचीच बाजू घेणार!

२९ मार्च

घरात कोणी धड बोलत नाही. सासूबाई जेवताना एवढंच म्हणाल्या — "माझ्या लेकाला चोर म्हणालीस." मान वर केली नाही मी. पण माझा कान खोटं सांगत नाही. तीस वर्षं त्याच्यावर तर घर चाललंय.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी हेडफोन लावला, आणि चक्क म्हातारी सुरात! तिघीच चढ्या. आनंदाने उठणार होते, तर वायर नेहमीच्या बाजूला नव्हती. हेडफोन उलटा घातला होता. म्हातारी डाव्या कानात, तिघी उजव्या.

सुलट घातला — म्हातारी चढी. उलट — तिघी चढ्या. दहा वेळा केलं. मग तिघींना बंदच केलं, एकट्या म्हातारीचा एकच सूर धरून ठेवला आणि हेडफोनची एकच बाजू आधी ह्या कानाला, मग त्या कानाला लावली. एकाच पेटीचा एकच सूर, दोन कानांत दोन.

उजव्या कानाने मी पियानो लावते. नेहमी तोच कान तारांजवळ नेते. कधीपासून चुकतेय, किती घरांत, देव जाणे. डॉक्टरांकडे जायला हवं. काय सांगतील ह्याची भीती वाटते.

पण ते नंतर. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी भाऊजींच्या दारात जाऊन उभी राहणार आहे.