मिसेस पेनिथॉर्न खुर्चीवर बसते तेव्हा

९ ऑक्टोबर १९३४, मंगळवार

चोरी! दुसरा शब्द नाही.

काल पहिला प्रयोग. दुसऱ्या अंकात मिसेस पेनिथॉर्न उमरावाच्या दिवाणखान्यात येते. बसायच्या आधी तळहाताने खुर्ची पुसते, हात उलटून बघते, तो हळूच झग्याला पुसते आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकते. आता कुणी उठवेल, अशी. थिएटर हसून लोळलं. मी विंगेत उभी, मिसेस पेनिथॉर्न करणाऱ्या माझ्या बाईसाहेबांची, मिस कारबेरींची, शाल घेऊन!

ती माझी आई आहे. आई अशीच बसते. चाळीस वर्षं लोकांच्या फरश्या पुसल्या की माणूस असंच बसतं.

ऑगस्टमध्ये तालमीच्या वेळी आई माझी विसरलेली छत्री द्यायला रंगपटात आली होती. मिस कारबेरी म्हणाल्या, बसा ना. ती बसली. तेवढ्यात बाईसाहेबांनी उचललं!

१० ऑक्टोबर

सकाळचा पेपर बाईसाहेबांनी मलाच मोठ्याने वाचायला लावला. 'दीडशे वर्षांत ही भूमिका मोठमोठ्या नट्यांनी गाजवली. मिसेस डॅलिमोरचा पंखा, ऑगस्टा व्हेनची शिंक यांच्या आठवणी लोक अजून काढतात. पण ही श्रीमंत विधवा एके काळी मोलकरीण होती, हे गुपित नुसत्या बसण्यातून फोडणारी मिस कारबेरी पहिलीच. काय हे निरीक्षण!'

निरीक्षण!

"टॅपली, घसा बसलाय का तुझा?" बाईसाहेबांनी विचारलं. मी त्यांच्या झग्याचे पाठीचे हुक जरा जास्तच आवळले.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

आईने विचारलं, नाटक कसं चाललंय. म्हटलं, बरं.

"लोक हसतात का गं?"

"हसतात."

मान हलवली आणि मासा खायला लागली. खुर्चीच्या कडेवर बसून. मी बघत राहिले, आणि मला हसू आलं! माझ्या स्वतःच्या आईला! बाईंनी आता हेही नासवलं.

१३ ऑक्टोबर

दुपारच्या खेळानंतर चहाच्या दुकानात दोन पोरी एकमेकींना करून दाखवत होत्या. खुर्ची पुसायची, हात बघायचा, खिदळायचं. चहा तसाच टाकून उठले.

१५ ऑक्टोबर, सोमवार

बोलले एकदाची.

"बाईसाहेब, ते बसणं माझ्या आईचं आहे."

वाटलं, चेहरा पडेल. आरशातूनच म्हणाल्या, "माहीत आहे."

"लोक तिला हसतात."

"मिसेस पेनिथॉर्नला हसतात."

"मला त्यात फरक दिसत नाही."

"मग घरी जाऊन आईशी बोल, टॅपली."

"तिच्या कानावर यातलं अक्षर जाऊ देणार नाही मी!"

यावर नुसतं बघितलं माझ्याकडे. कीव केल्यासारखं! मी एप्रन काढला, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. सोळा वर्षं या बाईंचे बूट घातले-काढले. दारापर्यंत गेले तरी हाक आली नाही.

१६ ऑक्टोबर

आईला सांगितलं. आधी नुसतं काम सोडलं एवढंच. मग तिने खोदून खोदून काढलं. मला वाटलं, रडेल. कशाचं काय!

"तुला कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला?"

"आई, त्यांनी तुझी नक्कल —"

"विचारून केली. त्या आल्या होत्या इथे, तू थिएटरात इस्त्रीला बसली होतीस तेव्हा. म्हणाल्या, तुमचं बसणं मला द्याल का? म्हटलं, घ्या. हात उलटून बघायचं विसरायच्या सारख्या. तीन दुपारी बसून शिकवलं मी त्यांना. पहिल्या प्रयोगाला पासही पाठवला. वर गॅलरीत होते मी. हसून हसून पोट दुखलं माझं."

"मला का नाही बोललीस?"

 मग म्हणाली, "छत्री द्यायला आले, तेव्हा माझी ओळख काय करून दिलीस, हेटे? घरमालकीण! मीच सांगितलं नंतर त्यांना, मी कोण ते. त्यांनी माझा हात हातात घेतला. लाज त्यांना नाही वाटली."

खरं आहे. घरमालकीणच म्हणाले होते मी. वर ऑगस्टचं लिहिलंय, त्यात हे लिहिलं नाही.

१८ ऑक्टोबर

आई माझ्याशी बोलत नाही. मीही नाही.

२२ ऑक्टोबर, सोमवार

बाईसाहेबांची चिठ्ठी आली. आईच्या नावाने. आजपासून ती त्यांच्या रंगपटात कामाला, माझ्या जागी. निघताना एवढंच म्हणाली, "मला यायला उशीर होईल. बटाटे उकडून ठेव."